अमेरिकेच्या फेडरल सरकारला आवर घालायचा, तर नेमका कुठे?

हडसनकाठ
१५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:१०

अमेरिकेतलं शटडाउन, म्हणजे खर्चाला मंजुरी नाही म्हणून सरकारी कार्यालयांना लागलेलं कुलूप, बुधवारी रात्री उठलं. १ ऑक्टोबरपासून धरलं तर ४३ दिवस. याआधीचं सगळ्यात लांबलेलं २०१८-१९ चं, ३५ दिवसांचं. आत्ताचा तात्पुरता खर्चाचा कायदा बहुतेक खात्यांना ३० जानेवारीपर्यंतच पुरणार, म्हणजे अडीच महिन्यांनी पुन्हा तीच टांगती तलवार.

फेडरल सरकार आटोपशीर असावं, झेपेल तेवढंच त्यानं अंगावर घ्यावं, हे मी मनापासून मानतो. त्यामुळे हे वर्ष मला जास्त लागलं. ज्या गोष्टीसाठी मी २६ वर्षं मंडळाच्या गणपतीत आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर लोकांशी वाद घातले, तीच यंदा अशा रीतीनं करायला घेतली की खर्च कमी झालाच नाही, 'सरकार आवरा' म्हणणाऱ्यांवरचा लोकांचा विश्वास मात्र उडाला.

आधी आकडे मांडतो. एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी आणि एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, सगळं डॉलरमध्ये. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या आर्थिक वर्षात फेडरल सरकारनं साधारण पावणेसात लाख कोटी खर्च केले. आले ४.९ लाख कोटी. तूट १.८ लाख कोटींच्या वर. खर्चातले जवळजवळ दीड लाख कोटी सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे म्हाताऱ्यांचं आणि अपंगांचं पेन्शन. तेवढेच मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) आणि मेडिकेड (गरिबांचा) मिळून. कर्जावरचं निव्वळ व्याज ८८ हजार कोटी. संरक्षण ८५ हजार कोटी. या चार डब्यांतच शंभरातले सत्तरएक डॉलर संपले.

आता नोकरदार. टपाल खातं सोडून फेडरल सरकारचे मुलकी कर्मचारी २०२४ मध्ये तेवीस लाखांच्या आसपास होते. १९६८ मध्येही जवळपास तेवढेच होते आणि तेव्हापासून देशाची लोकसंख्या दीडपटीपेक्षा जास्त झाली. या सगळ्यांचे पगार आणि भत्ते २०२२ मध्ये २७ हजार कोटींच्या घरात होते. म्हणजे उद्या एकूण एक माणूस घरी पाठवला, विमानतळावरचा नियंत्रकसुद्धा, तरी १.८ लाख कोटींच्या तुटीतले दीड लाख कोटी तसेच राहतात. आणि त्यातले साठ टक्के लोक संरक्षण, माजी सैनिकांचं खातं आणि अंतर्गत सुरक्षा या तीन ठिकाणीच आहेत.

डोज, म्हणजे सरकारी खर्च कापायला ट्रम्प यांनी यंदा काढलेलं पथक, त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. निवडणुकीआधी इलॉन मस्क दोन लाख कोटी वाचवू म्हणाले, मग एक लाख कोटी, एप्रिलमध्ये आकडा १५ हजार कोटींवर आला. मे अखेरीस ते बाहेर पडले. सप्टेंबरला वर्ष संपलं तेव्हा एकूण खर्च सात लाख कोटींच्या आसपास, आणि तूट पुन्हा १.८ लाख कोटी.

मी एका टाउनशिपच्या हिशेब खात्यात १४ वर्षं आहे. बजेट हे माझं रोजचं काम. मला इथल्या सगळ्यांना, माझ्याशी सहमत असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही, एकच विचारायचंय: आवर घालायचाच, तर हात नेमका कुठे घालायचा?

टेक्सासपठार
१५ नोव्हेंबर, सकाळी १०:३२

धागा काढल्याबद्दल आभार. आकड्यांशी भांडण नाही. पण सुरुवात आकड्यांपासून केली की आपण हरतोच, असं माझं मत आहे. सुरुवात अधिकारांपासून करायला हवी.

राज्यघटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या भागात काँग्रेस, म्हणजे इथली संसद, काय काय करू शकते याची यादी आहे. टपाल, नाणी, आरमार, परदेशांशी आणि राज्याराज्यांतला व्यापार, वगैरे. १७९१ ची दहावी दुरुस्ती म्हणते की जे फेडरल सरकारला दिलेलं नाही ते राज्यांचं किंवा लोकांचं. १८८७ मध्ये इथे टेक्सासमध्ये दुष्काळ पडला होता. शेतकऱ्यांना बियाण्यासाठी फक्त दहा हजार डॉलर द्यायचं विधेयक काँग्रेसनं मंजूर केलं. अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी ते परत पाठवलं. त्यांचं म्हणणं असं की लोकांनी सरकारला आधार द्यायचा असतो, सरकारनं लोकांना पोसायचं नसतं, आणि असा अधिकार मला घटनेत कुठेच सापडत नाही. आज हे कठोर वाटेल. पण 'हा अधिकार मला आहे का' हा प्रश्न तेव्हा अध्यक्षाला पडत होता, हे लक्षात घ्या.

मग १९४२ चा विकर्ड विरुद्ध फिलबर्न खटला. ओहायोचा एक शेतकरी. ठरवून दिल्यापेक्षा बारा एकर जास्त गहू लावला, बराचसा स्वतःच्या जनावरांसाठी आणि घरासाठी. सुप्रीम कोर्ट म्हणालं, घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस, म्हणजे राज्याराज्यांतल्या व्यापारावर परिणाम झालाच. त्यानंतर फेडरल सरकारच्या हाताला कुंपण उरलं नाही. १९२० च्या दशकात फेडरल खर्च देशाच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता, आता तेवीस आहे.

राज्यांना जे अनुदान मिळतं तेही असंच. पैसा वॉशिंग्टनला जातो आणि अटी घेऊन परत येतो. दारू पिण्याचं वय २१ करा नाहीतर रस्त्यांच्या निधीतला वाटा कापू, हे १९८७ मध्ये कोर्टानं मान्य केलं. सोलापूरच्या माणसानं मुंबईतल्या फायलीची वाट बघत बसावं तसं आमच्या राज्याचं होतं. माझं म्हणणं, कामं राज्यांना परत द्या, करही त्यांनाच लावू द्या.

लोणार
१५ नोव्हेंबर, रात्री ९:५५ (भारतीय वेळ)

पुण्यातून वाचतोय. मी आठ वर्षं तिकडे होतो, २०१४ ला परत आलो. एक शंका. आपल्याकडे बजेट वेळेत मंजूर नाही झालं तर लेखानुदान घेतात, आणि विनियोजन विधेयकच, म्हणजे खर्चाच्या मंजुरीचं विधेयक, पडलं तर सरकारच पडतं. कार्यालयांना कुलूप लागत नाही. अमेरिकेतच असं का होतं?

आकडेमोड
१५ नोव्हेंबर, दुपारी १:२०

@लोणार, मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. आपल्या घटनेत कलम ११४ म्हणतं की विनियोजनाच्या कायद्याशिवाय संचित निधीतून पैसा काढता येणार नाही. अमेरिकेच्या घटनेत पहिल्या कलमाच्या नवव्या भागात जवळजवळ हेच वाक्य आहे. फरक असा की आपल्याकडे खर्च मंजूर करणारं बहुमत आणि सरकार एकच. तिकडे अध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेसची दोन्ही सभागृहं वेगळी, सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांना ६० मतं लागतात. पैसा अडला म्हणून कोणी पायउतार होत नाही, कर्मचारी घरी बसतात.

आणि अडतो तो सगळा पैसा नव्हे. दरवर्षी मंजुरी लागते ती एकूण खर्चाच्या साधारण चौथ्या हिश्श्याला, त्यातही निम्मा संरक्षणाचा. सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, व्याज हे कायद्यानं आपोआप चालू राहतं. म्हणजे ४३ दिवस कुलूप लागलं ते छोट्या खोलीला. मोठा वाडा उघडाच होता.

पोटोमॅकतीर
१५ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

छोट्या खोलीत आम्ही राहतो, म्हणून लिहिते.

आम्ही मेरीलँडमध्ये. माझा नवरा एका फेडरल प्रयोगशाळेत काम करतो, पण सरकारचा नोकर नाही, कंत्राटदार कंपनीचा आहे. १ ऑक्टोबरला कामबंदचं पत्र आलं. शेजारची मैत्रीण सरकारी नोकर, तिलाही घरी बसवलं. २०१९ च्या कायद्यानं तिला मागचा सगळा पगार मिळेल. मधे ऑक्टोबरमध्ये 'मिळेलच असं नाही' अशी चर्चा वरून सुरू झाली तेव्हा ती रडली होती. आत्ताच्या कायद्यात तो पगार नक्की केलाय. माझ्या नवऱ्याला मात्र काही नाही. सहा आठवडे गेले ते गेले. त्याच्या मजल्यावरची साफसफाई करणारी माणसं, कँटीनवाल्या बायका, सगळी कंत्राटावर. त्यांनाही काही नाही.

आता मला सांगा, यात वाचलं काय? मैत्रिणीला काम न करता पगार मिळणार. कर भरणाऱ्यांनी पैसे दिले आणि काम झालं नाही. काँग्रेसच्याच बजेट ऑफिसनं ऑक्टोबरअखेर सांगितलं की सहा आठवडे चाललं तर देशाच्या उत्पन्नातले सुमारे १,१०० कोटी डॉलर कायमचे जातील.

आपल्या लोकांना बसलेला एक फटका वेगळाच. नागरिकत्व आणि इमिग्रेशनचं खातं अर्जांच्या फीवर चालतं, ते चालू होतं. पण एचवनबी या नोकरीच्या व्हिसासाठी आधी मजूर खात्याकडून जो कागद लागतो, तो देणारं ऑफिस ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद होतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा, नवी नोकरी ठरलेली, जुनी सुटलेली, नोकरी सुटल्यावर देशात राहायला मिळणाऱ्या साठ दिवसांचं घड्याळ चालू. त्याची आई सांगलीहून रोज फोन करायची.

हडसनकाठ, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण 'सरकार लहान करा' हे शब्द ऐकले की आमच्या घरात आता पोटात गोळा येतो.

हडसनकाठ
१५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

ताई, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. मी हा धागा काढला तो याचसाठी. कुलूप लावणं म्हणजे आवर नव्हे. आमच्या टाउनशिपमध्ये मी असं केलं असतं तर लोकांनी मला हाकलून दिलं असतं.

मला जे कळलंय ते सांगतो. न्यू जर्सीत २०१० चा कायदा आहे: कोणत्याही गावानं मालमत्ता कराची एकूण आकारणी वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. वाढवायची असेल तर लोकांकडे मतदानाला जा. मी तो कायदा आतून राबवलाय. पहिल्या वर्षी आम्ही सगळे धास्तावलो होतो. मग शेजारच्या गावाबरोबर एकत्र कचरा उचलायला लागलो, बर्फ काढायचं यंत्र मिळून घेतलं. सीमा खरोखर काम करते, कारण ती आधी माहीत असते आणि सगळ्यांना सारखी असते. पण त्याच कायद्यात अपवाद आहेत: कर्जाचे हप्ते, पेन्शन आणि आरोग्य विम्यातली जास्तीची वाढ, आणीबाणी. आणि आमचा खर्च नेमका तिथेच फुगला. सीमेच्या आत जे ठेवलं ते आवरलं, बाहेर जे ठेवलं ते वाढलं.

वॉशिंग्टनमध्येही हेच घडलंय. १९८५ मध्ये ग्रॅम, रडमन आणि हॉलिंग्ज या तीन सिनेटरांच्या नावाचा कायदा झाला. तूट दरवर्षी अमुक इतकी खाली, १९९१ पर्यंत शून्य. नाही झाली तर सरसकट कात्री. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ती कात्री चालवण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. दुरुस्ती केली, तरी लक्ष्य चुकतच राहिलं. कारण तूट कुणाच्या हातात नसते. मंदी आली, कर कमी जमला की तूट वाढते. हातात असतात ते नवे कायदे.

१९९० मध्ये थोरल्या बुश यांच्या काळात वेगळा कायदा आला. दरवर्षी मंजूर होणाऱ्या खर्चाला ठरलेली मर्यादा. आणि दुसरा नियम, मला सगळ्यात आवडणारा: नवी सवलत किंवा नवी योजना आणाल तर तिचा पैसा कुठून येणार ते तिथेच दाखवा. करकपातीलाही तोच नियम. ग्राहकाला उधारी नाही, दोन्ही बाजूंना रोख. हा नियम दहा-बारा वर्षं टिकला, क्लिंटन यांनी १९९३ मध्ये वाढवला, १९९७ मध्ये रिपब्लिकन काँग्रेसबरोबर पुन्हा वाढवला. १९९८ ते २००१ सलग चार वर्षं फेडरल सरकारला शिल्लक राहिली. २००० मध्ये २३,६०० कोटी. शीतयुद्ध संपलं होतं, कंप्यूटरच्या भरभराटीनं कर भरभरून आला, हेही तितकंच खरं. पण तो पैसा लगेच उधळता आला नाही, तो या नियमामुळे.

२००२ मध्ये नियमाची मुदत संपली आणि कोणी खऱ्या अर्थानं वाढवली नाही. मग करकपात, इराकचं युद्ध आणि मेडिकेअरमध्ये औषधांची नवी योजना, सगळं उधारीवर. करणारे बहुतेक माझ्याच बाजूचे लोक होते. २०१० मध्ये तो कागदावर परत आणला, पण काँग्रेस दर वेळी त्याला बगल देते.

टेक्सासपठार
१५ नोव्हेंबर, रात्री ८:१५

१९९० चं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नका. त्या सौद्यात वरचा कर २८ वरून ३१ टक्के झाला. 'नवे कर नाहीत' असं बुश यांनी १९८८ मध्ये लोकांना तोंडावर सांगितलं होतं, आणि शब्द मोडल्याची किंमत १९९२ मध्ये मोजली. प्रत्येक सौद्यात कर आज वाढतो आणि कपात पुढच्या वर्षावर जाते, हा आमच्या बाजूचा अनुभव आहे. आम्ही विश्वास का ठेवायचा?

म्हणून मला घटनादुरुस्ती हवी. बजेट संतुलित ठेवायचं बंधन. व्हरमाँट सोडून सगळ्या राज्यांत या ना त्या रूपात ते आहे. मार्च १९९५ मध्ये सिनेटमध्ये एका मतानं पडली, ते मत ऑरेगनचे रिपब्लिकन मार्क हॅटफिल्ड यांचं. १९९७ मध्ये पुन्हा एका मतानं. एक मत!

आकडेमोड
१५ नोव्हेंबर, रात्री १०:००

राज्यांचं बंधन रोजच्या खर्चाला असतं. पूल, शाळा, रस्ते यांसाठी ती रोखे काढतातच. आणि २००८ सारखी मंदी आली की राज्यं शिक्षक काढतात आणि फेडरल मदतीकडे बघतात. फेडरल सरकारलाही तेच बंधन घातलं तर राज्यांनी कोणाकडे बघायचं? मला ती दुरुस्ती धोक्याची वाटते.

दुसरं, जे मला या वर्षात सगळ्यात जास्त खुपलं. निक्सन यांनी काँग्रेसनं मंजूर केलेला पैसा खर्चच न करता अडवून ठेवला होता. त्यावर १९७४ मध्ये कायदा झाला: अध्यक्षाला पैसा नको असेल तर त्यानं काँग्रेसला कळवायचं, ४५ दिवसांत काँग्रेसनं मान्य केलं तर रद्द, नाहीतर खर्च करायचा. काँग्रेसचं बजेट ऑफिसही त्याच कायद्यातून आलं. यंदा जुलैत याच वाटेनं रीतसर ९०० कोटी रद्द झाले, परदेशी मदत आणि सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे. त्यावर मतभेद असू शकतात, पण मतदान झालं. ऑगस्टअखेर मात्र आणखी ४९० कोटींचं पत्र अशा बेतानं पाठवलं की ४५ दिवस संपायच्या आत आर्थिक वर्षच संपावं. म्हणजे मतदान न होताच पैसा गेला.

टेक्सासपठार, तुम्ही घटनेतल्या यादीचं बोललात. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे हीसुद्धा त्याच घटनेतली मर्यादा आहे. कपात तुमच्या आवडीची आहे म्हणून ती मर्यादा मोडू दिली, तर उद्या नावडता अध्यक्ष तुमच्या आवडीचा पैसा अडवेल. क्लिंटन यांना काँग्रेसनं स्वतःहून दिलेला, बजेटातली एकेक बाब खोडायचा अधिकारसुद्धा १९९८ मध्ये कोर्टानं काढून घेतला होता.

आणि हिशेबाचं प्रमाण बघा. जुलैत ९०० कोटी रद्द केले. त्याच महिन्यात ४ तारखेला सही झालेल्या कर आणि खर्चाच्या मोठ्या कायद्यानं दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटींनी वाढेल, असं बजेट ऑफिस म्हणतं.

टेक्सासपठार
१५ नोव्हेंबर, रात्री १०:२५

तिजोरीच्या किल्लीचा मुद्दा मान्य. ऑगस्टमधलं ते पत्र मलाही पटलं नव्हतं, इथे बोललो नव्हतो एवढंच.

नगरी
१६ नोव्हेंबर, सकाळी ७:००

मी मुलाकडे कॅन्ससला आलोय, वय ७४. राजकारणातलं फार कळत नाही, पण टेक्सासच्या बियाण्यांची गोष्ट वाचून राहवलं नाही.

१९६५-६६ ची टंचाई मी शाळकरी वयात पाहिली. रेशनच्या दुकानात अमेरिकेचा लाल गहू यायचा. त्याची पोळी तुटायची, आई त्यात ज्वारीचं पीठ मिसळायची. 'पीएल ४८०' (ज्या अमेरिकन कायद्याखाली तो गहू यायचा) हा शब्द आमच्या गावातल्या अडाणी माणसालाही माहीत होता. परवा मुलाच्या शेजारचा शेतकरी भेटला, त्याचे वडील तेव्हा गहू पिकवायचे. तो म्हणाला, तो गहू सरकारनं विकत घेतला नसता तर आमचे भाव कोसळले असते. म्हणजे १९५४ च्या त्या एका कायद्यानं इकडचा शेतकरी आणि तिकडचा मी, दोघं जगलो.

हा फालतू खर्च होता का? मला खरंच ठरवता येत नाही. क्लीव्हलंड साहेब असते तर तो गहू आला नसता.

सूक्ष्मदर्शी
१६ नोव्हेंबर, सकाळी ९:४५

काका, तुमचं लिहिणं मनाला भिडलं.

मी आरोग्य संशोधनात आहे, फेडरल अनुदानावर. फेब्रुवारीत एनआयएचनं, म्हणजे आरोग्य संशोधनाला अनुदान देणाऱ्या फेडरल संस्थेनं, एका शुक्रवारी जाहीर केलं की विद्यापीठांचा वरखर्च सरसकट १५ टक्केच देणार, आणि तोही सोमवारपासून. कोर्टानं थांबवलं. वरखर्चाचे दर काही ठिकाणी पन्नास-साठ टक्क्यांच्या वर आहेत आणि त्यावर बोलायला हवं, हे मी स्वतः म्हणते. पण प्राण्यांची देखभाल, उणे ऐंशी अंशांचे फ्रीजर, वीजबिल हे सगळं त्यात येतं. शुक्रवारी सांगून सोमवारी ते बंद करता येत नाही. माझ्याबरोबरची नागपूरची एक हुशार मुलगी जूनमध्ये जर्मनीला गेली.

गळती शोधायची इच्छा असेल तर ती शोधणारी माणसं आधीपासून होती. १९७८ च्या कायद्यानं प्रत्येक मोठ्या खात्यात महानिरीक्षक बसवलेला आहे. जानेवारीत त्यांतले सतराएक जण एका रात्रीत काढले. सरकारचं लेखापरीक्षण करणारं जीएओ सांगतं की २०२४ मध्ये चुकीची दिली गेलेली रक्कम १६,२०० कोटी होती. सगळी चोरी नव्हे; कागद अपुरे, पात्रता न तपासलेली, असंही त्यात आहे. पेंटागॉनचं, म्हणजे संरक्षण खात्याचं, पूर्ण ऑडिट २०१८ पासून दरवर्षी होतं आणि एकदाही पास झालेलं नाही. तिथे कोणी करवत घेऊन गेलं नाही.

लोणार
१६ नोव्हेंबर, रात्री ८:३० (भारतीय वेळ)

मनातलं एक बोलून टाकतो. आठ वर्षं माझ्या प्रत्येक पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीला गेले, तेवढेच कंपनीनं भरले. पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. माझी ३२ झाली. वडील आजारी पडले, परत आलो. भारत आणि अमेरिकेत याबाबत करारच नाही, त्यामुळे ते पैसे तिकडेच राहिले. माझ्यासारखे हजारो असतील. 'लोकांनी भरलंय, त्यांचा हक्क आहे, हात लावू नका' असं जेव्हा तिकडचे नेते म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. मीही भरलंय ना?

आकडेमोड
१६ नोव्हेंबर, सकाळी ११:५०

लोणार, तुमचं दुखणं खरं आहे. पण कायद्यात तो 'हक्क' तिथल्या नागरिकांनाही नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. १९६० च्या फ्लेमिंग विरुद्ध नेस्टर खटल्यात एका बल्गेरियन माणसाचं पेन्शन हद्दपारीनंतर बंद झालं होतं. १९ वर्षं भरत होता. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सोशल सिक्युरिटी म्हणजे मालमत्ता किंवा विम्याचा करार नव्हे. काँग्रेस ती कधीही बदलू शकते. तुम्ही भरलेले पैसे त्याच महिन्यात कुठल्या तरी आजीला गेले. तशीच ती योजना चालते. १९६० मध्ये एका पेन्शनवाल्यामागे पाच कमावणारे होते, आता पावणेतीन.

टेक्सासपठार
१६ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

धागाकर्त्यांना थेट विचारतो. सगळं वाचलं. शटडाउन नको, डोज नको, अध्यक्षानं पैसा अडवायला नको, नोकरदार काढून उपयोग नाही. मग तुम्ही स्वतः काय कापणार? आणि तुमचं स्वतःचं काय जाणार?

हडसनकाठ
१६ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

रास्त प्रश्न. टाळत नाही.

आधी तुमच्या अधिकारांच्या मुद्द्याला उत्तर. शाळा, रस्ते, घरबांधणी यांतलं पुष्कळसं राज्यांकडे जावं, मला चालेल. पण राज्यांना जाणाऱ्या पैशात सगळ्यात मोठा भाग मेडिकेडचा आहे. तो परत द्यायचा म्हणजे गरीब राज्यांनी आपल्या म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम स्वतः चालवायचं. मिसिसिपीला ते झेपेल का, हे आपण आधी बोलायला हवं.

आता माझी कात्री. पहिली मेडिकेअरमध्ये, आणि रुग्णाला हात न लावता. मेडिकेअर अॅडव्हांटेज म्हणजे सरकारच्या पैशानं खाजगी विमा कंपन्यांनी चालवलेल्या योजना. काँग्रेसचा स्वतःचा सल्लागार आयोग, मेडपॅक, म्हणतो की तेच रुग्ण मूळ मेडिकेअरमध्ये असते तर जितका खर्च आला असता, त्याहून २०२५ मध्ये ८,४०० कोटी जास्त जातील. यूएसएड ही परदेशी मदत देणारी अख्खी संस्था बंद केली, तिचा वर्षाचा पैसा याच्या निम्म्याच्या आसपास होता. विमा कंपन्या रुग्णाचे आजार कागदावर वाढवून दाखवतात, हे दोन्ही पक्षांचे लोक जाणतात. तिथे मी उद्याच हात घालीन.

दुसरी सोशल सिक्युरिटी. निवृत्तांचा निधी २०३३ मध्ये संपतो, असं यंदाचा विश्वस्तांचा अहवाल सांगतो. त्यानंतर येणाऱ्या करातून ७७ टक्केच देता येईल. म्हणजे काहीच न करणं हीदेखील २३ टक्क्यांची कपातच आहे, आणि ती ८५ वर्षांच्या विधवेला आणि लक्षाधीशाला सारखीच लागेल. १९८३ मध्ये निधी काही महिन्यांवर आला असताना रेगन आणि डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांनी मिळून तोड काढली. वय ६५ वरून ६७ करायचं, पण इतक्या सावकाश की ते आत्ता, २०२७ मध्ये पूर्ण होतंय. लोकांना चाळीस वर्षं आधी सांगितलं. याला मी आवर घालणं म्हणतो.

आणि माझं काय जाणार. मी ५८ चा आहे, बायको शाळेत शिकवते, दोघांचं मिळून उत्पन्न चांगलं आहे. आमच्यासारख्या वरच्या उत्पन्नाच्या लोकांचं पेन्शन पगारवाढीच्या गतीनं न वाढता महागाईच्या गतीनं वाढावं, हे मला मान्य आहे. याचा अर्थ मला दरमहा कमी मिळणार. करही. २०२५ मध्ये १,७६,१०० डॉलरच्या वरच्या पगाराला सोशल सिक्युरिटीचा कर लागत नाही. ती रेघ वर सरकवा. टेक्सासपठार, तुम्ही म्हणाल मी कर वाढवतोय. हो. कारण १९८३ आणि १९९० या दोन्ही वेळी कपात टिकली, ती दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडलं म्हणून. २०१० मध्ये तूट कमी करायला नेमलेल्या सिम्पसन आणि बोल्स यांच्या आयोगात अठरातल्या अकरांनी असाच सौदा मान्य केला होता, चौदा लागत होते. तीन मतं कमी पडली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट, १९९० चा रोखीचा नियम परत आणा, आणि या वेळी अपवादांशिवाय. जुलैचा कायदा त्या नियमाखाली आलाच नसता.

पोटोमॅकतीर ताई, यात तुमच्या नवऱ्याची प्रयोगशाळा कुठेच नाही. मुद्दाम नाही.

टेक्सासपठार
१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:०२

कराची रेघ सरकवायला माझा विरोध कायम. अॅडव्हांटेजची कात्री आणि रोखीचा नियम, दोन्हीला माझा पाठिंबा. ते ८,४०० कोटी कसे मोजले, यावर वेगळा धागा काढाल का? माझ्या आईवडिलांची तीच योजना आहे. आमच्या खासदाराच्या ऑफिसला मी पत्र लिहितो, पण आधी नीट समजून घ्यायचंय.

हडसनकाठ
१६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

काढतो. आकडे जुळवायला पुढचा शनिवार लागेल.

पोटोमॅकतीर
१६ नोव्हेंबर, रात्री ९:१०

तो धागा मीही वाचेन. नवरा उद्या सकाळी कामावर जातोय. फ्रीजरमधले नमुने टिकलेत का, ते तिथे गेल्यावरच कळेल.